स्वभावाला औषध नसतं?

गॅसवर चहा असेल तर आधी उतरवून घ्या, कारण आजचा विषय जरा निवांत ऐकण्याचा आहे.

मागच्या वेळी आपण झोपेबद्दल बोललो, त्यानंतर बरीच पत्रं आली. त्यातलं एक झोपेबद्दल नव्हतंच. मिडलँड्समधल्या एका ताईंनी लिहिलं होतं. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून, थोडं वाचून दाखवते.

“लग्नाला १४ वर्षं झाली. हे बाहेर सगळ्यांचे लाडके. गणपतीत सूत्रसंचालन यांच्याकडेच असतं. परत निघालो की गाडीतच सुरू होतं. अमक्याशी हसलीस का, माझं भाषण झाल्यावर गप्प का बसलीस. पगार माझा, पण कार्ड यांच्याकडे. मी मोबाईलवर व्हिडिओ बघते, त्यात सांगतात की असा माणूस म्हणजे नार्सिसिस्ट. आईला फोन केला तर ती म्हणते, स्वभावाला औषध नसतं, सांभाळून घे. तुम्ही सांगा, खरंच औषध नसतं का?”

मी या देशात २२ वर्षं मानसिक आरोग्य विभागात नर्स होते. तरी या पत्राला लगेच उत्तर देता आलं नाही. का, ते शेवटी सांगते. आधी विषय समजून घेऊ.

‘नार्सिसिस्ट’ हा शब्द आता आपल्या पॉटलकच्या टेबलावरही ऐकू येतो. एखादी बाई सेल्फी फार काढते, ती नार्सिसिस्ट. जाऊबाई स्वतःचंच कौतुक करतात, त्याही नार्सिसिस्ट. दुसरा शब्द ‘अँटीसोशल’. आपली इथे वाढलेली मुलं पार्टीला यायचं नसलं की म्हणतात, “आई, मी आज अँटीसोशल आहे.” त्या पोराला फक्त एकटं बसायचं असतं. डॉक्टरांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे.

स्वभाव आणि विकार यांत फरक काय? थोडा गर्व, थोडा स्वार्थ, थोडी लबाडी आपल्या सगळ्यांतच असते. वेळ आली की आपण वाकतो, शरमतो, माफी मागतो. हे वागणं तरुणपणापासून वर्षानुवर्षं तसंच राहिलं, घरी, कामावर, मित्रांत सगळीकडे तेच दिसलं, आणि त्यामुळे त्या माणसाचं किंवा आजूबाजूच्यांचं आयुष्य मोडायला लागलं, की डॉक्टर व्यक्तिमत्त्व विकाराचा विचार करतात.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे दुसऱ्याच्या हक्कांची सतत पायमल्ली. सर्रास खोटं बोलणं, फसवणं, कायदा मोडणं, मागचापुढचा विचार न करता अंगावर धावून जाणं, नोकरी आणि देणी वाऱ्यावर सोडणं, आणि हे सगळं करून मनाला टोचणी नसणं. हे निदान १८ वर्षांच्या आधी करत नाहीत, आणि त्रासदायक वागणुकीची सुरुवात १५ वर्षांच्या आतली असावी लागते. इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत १९९७ साली सरकारने मोठी पाहणी केली होती. शिक्षा भोगणाऱ्या पुरुष कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत हा विकार आढळला. हे काही सिनेमातल्या खलनायकांचं दुर्मीळ दुखणं नाही.

आत्मप्रौढीचा, म्हणजे नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकार वेगळा. नाव आलं ग्रीक कथेतल्या नार्सिससवरून. पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेला तो तरुण. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हा विकार आपल्या यादीत घेतला. त्यांच्या यादीत ९ लक्षणं आहेत आणि निदानाला किमान ५ लागतात. स्वतःच्या मोठेपणाचा अवाजवी समज, कौतुकाची न संपणारी भूक, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे हा हट्ट, आपल्या कामासाठी इतरांना वापरणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याची दखल नसणं, हेवा. पण सगळेच छाती काढून फिरत नाहीत. काही जण बाहेरून अगदी हळवे, लाजाळू दिसतात. आतून मात्र कोण काय म्हणालं याचा हिशेब चालू असतो, आणि एवढ्याशा टीकेने ते दिवसचे दिवस कोसळतात. आतला माणूस पोकळ, शरमलेला असतो. म्हणून तर वरची भिंत एवढी उंच.

जागतिक आरोग्य संघटनेची नवी सूची २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली. तिने ही वेगवेगळी नावं बरीचशी बाजूला ठेवली. आता आधी विचारायचं, विकार सौम्य, मध्यम की तीव्र? मग पाहायचं, त्यात कोणते गुण ठळक आहेत? मला हे पटतं. शिक्का मारण्यापेक्षा त्रास किती आहे हे मोजलेलं बरं.

हे येतं कुठून? थोडं रक्तातून, थोडं बालपणातून. मारहाण, हेळसांड, किंवा उलट, “आमचा राजा कधी चुकतच नाही” असं सतत डोक्यावर घेणं. कुठलीही एक गोष्ट पुरेशी नसते. आणि हे तर मी आईबापांना दोनदा सांगते: लहानपणी दांडगाई करणाऱ्या बहुतेक मुलांना मोठेपणी हा विकार होत नाही. पण मूल सतत मारामाऱ्या करतं, चोरी करतं, जनावरांना छळतं, तर “मुलगा आहे, चालायचंच” म्हणून सोडू नका. जीपीकडे जा. ३ ते ११ वर्षांच्या अशा मुलांसाठी आईवडिलांनाच शिकवणारे वर्ग इथे आहेत. शिक्षा न करता मर्यादा कशी घालायची, चांगल्या वागण्याकडे लक्ष कसं द्यायचं, हे त्यात शिकवतात. या सगळ्या विषयात हातात सर्वांत जास्त असलेली जागा हीच. तिथे जायला लाजू नका.

आता आईच्या म्हणीकडे येऊ. स्वभावाला औषध नसतं. गंमत म्हणजे, गोळीपुरतं हे खरं आहे! समाजविघातक विकारासाठी उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वं नाइस या संस्थेने २००९ साली काढली. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की या विकारासाठी किंवा त्यातल्या आक्रमकपणासाठी सरसकट औषधं देऊ नयेत. आत्मप्रौढीच्या विकारावरही मंजूर अशी गोळी नाही. गोळी मिळते ती सोबतच्या आजारासाठी, जसं नैराश्य किंवा चिंता. दारू किंवा ड्रग्ज असतील तर त्यांचा उपचारही तितकाच महत्त्वाचा. निव्वळ दारू सुटली तरी घरातली मारहाण कमी झालेली मी पाहिली आहे.

पण गोळी नाही म्हणजे उपचार नाही, असं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा अशा माणसांना दारातूनच परत पाठवत. “हा काही आजार नाही, हा त्याचा स्वभाव,” हेच आम्हीही म्हणायचो. २००३ साली इंग्लंडच्या आरोग्य खात्याने धोरण काढलं, की व्यक्तिमत्त्व विकार आहे एवढ्या कारणाने कुणालाही सेवेबाहेर ठेवायचं नाही. त्यानंतर दार हळूहळू उघडलं.

आत काय करतात? गुन्हे केलेल्यांसाठी गटात बसून शिकण्याचे कार्यक्रम असतात. रागाच्या क्षणी थांबायचं कसं, परिणामांचा विचार कसा करायचा. दुसरी एक पद्धत लंडनमध्येच अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी विकसित केली. तिचं इंग्रजी नाव मेंटलायझेशन. सोप्या मराठीत, मन ओळखायला शिकणं, आपलं आणि समोरच्याचं. समजा, एक जण गटात सांगतो, “मी घरी आलो, बायको गप्प होती, म्हणजे तिला माझा अपमान करायचा होता, म्हणून मी ताट भिरकावलं.” तिथे त्याला उपदेश करत नाहीत. विचारतात, ती गप्प होती तेव्हा तिच्या मनात आणखी काय काय असू शकेल? दमली असेल? घाबरली असेल? आणि तुझ्या मनात त्या आधीच्या क्षणी काय होतं? तुम्हा-आम्हाला हा प्रश्न बाळबोध वाटेल. त्या माणसाने तो कधी स्वतःला विचारलेलाच नसतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रोबेशनवर असलेल्या पुरुषांवर या पद्धतीची मोठी चाचणी झाली, आणि त्यांची आक्रमकता कमी झालेली दिसली.

आत्मप्रौढीच्या विकारासाठी लांब पल्ल्याचे संवादोपचार वापरतात. त्यांचा पुरावा अजून तोकडा आहे. इथे अडचण अशी, की माणूस मुळात येतच नाही. “प्रॉब्लेम माझा नाही, तिचा आहे.” तो येतो नोकरी गेल्यावर, घटस्फोटाची नोटीस आल्यावर, किंवा नैराश्याने अंथरूण धरल्यावर. आला तरी थेरपिस्टने जरा चूक दाखवली की उठून जातो. टिकला, तर हळूहळू बदल दिसू शकतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. खरं आहे, पीळ सगळा जात नाही. सैल मात्र होतो.

इथे एक मिनिट मला एका वेगळ्या श्रोत्याशी बोलायचं आहे. हे ऐकताना कुणाला वाटलं असेल, “अरे, हे माझ्याबद्दल चाललंय.” दादा किंवा ताई, जे कोणी असाल, हा प्रश्न स्वतःला पडणं हीच मोठी गोष्ट आहे. तुम्ही राक्षस नाही. जीपीला सांगा, “माझ्या वागण्याने घर मोडतंय, मला मदत हवी.” एवढं एक वाक्य पुरे. जीव नकोसा वाटत असेल तर ११६ १२३ या नंबरवर समॅरिटन्सना कधीही फोन करा, फुकट आहे.

आता ताई, तुमच्याकडे येते.

मला उत्तर लगेच का देता आलं नाही, ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका हळदीकुंकवाला, आपल्यातलीच एक मैत्रीण मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन जवळजवळ हाच प्रश्न विचारत होती. मी नर्स. मला वाटलं, मला सगळं कळतं. मी म्हटलं, “त्यांना डॉक्टरांकडे ने, निदान होऊ दे, उपचार सुरू झाले की बदलतील. धीर धर.” तिने धीर धरला. ६ वर्षं. ते डॉक्टरांकडे कधीच गेले नाहीत. ती मात्र खंगत गेली. आता ती बरी आहे, पण माझं ते वाक्य तिला ६ वर्षांना पडलं.

माझी चूक ही झाली, की मी दोन प्रश्न एकात बांधले. “ते सुधारतील का?” हा एक प्रश्न. “मी आणि मुलं आज सुरक्षित आहोत का?” हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्यांच्या हातात आहे, डॉक्टरांच्या हातात आहे, आणि वर्षांच्या हिशेबात आहे. दुसऱ्यासाठी कुणाच्या निदानाची वाट बघायची गरज नाही. तुमच्या यजमानांना विकार आहे की नाही, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, आणि तो व्हिडिओवालाही सांगू शकत नाही. पण पगाराचं कार्ड काढून घेणं, कुणाशी बोलायचं ते ठरवणं, सतत धाकात ठेवणं, याला नाव आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ पासून असं नियंत्रण आणि जबरदस्ती हा गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हात उगारलेला नसला तरी.

म्हणून आज एवढं करा. ०८०८ २००० २४७ हा घरगुती छळासाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, फुकट, दिवसरात्र. दुभाषी मागता येतो. नंबर फोनमध्ये दुसऱ्याच नावाने ठेवा. पासपोर्ट आणि मुलांच्या कागदपत्रांच्या प्रती विश्वासातल्या मैत्रिणीकडे द्या. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून असेल तर “परत पाठवतील” या धमकीने थांबू नका. अशा बायकांसाठी नियम आहेत, हेल्पलाइनवाल्या योग्य वकील सांगतील. छळ चालू असताना दोघांनी मिळून समुपदेशनाला जाऊ नका. तिथे बोललेल्याची किंमत घरी मोजावी लागते. धोका समोर असेल तर ९९९. बोलता येत नसेल तर मोबाईलवरून ९९९ लावून, सांगितल्यावर ५५ दाबा. पुरुषांवरही हे होतं, त्यांच्यासाठीही वेगळी हेल्पलाइन आहे.

आणि आईला सांगा, स्वभावाला गोळी नाही, पण उपचार आहे, ज्याला हवा त्याला. सांभाळून घेणं हा मात्र उपचार नाही.

मंडळी, तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला “धीर धर” म्हणू नका. “मी आहे, कधीही फोन कर” म्हणा, आणि फोन आला की उचला.

पुढच्या वेळी भेटू. काळजी घ्या. नमस्कार.