दोष कोठे आहे?

पहाटेची वेळ. जुन्नर भागातील एक टेंपो टोमॅटोच्या क्रेट्सनी भरलेला आहे, आणि नारायणगावच्या बाजारात तो वेळेवर पोचला नाही तर मालाचा भाव उतरणार आहे. चालक किल्ली फिरवतो. इंजिन कण्हल्यासारखा आवाज करून थांबते. भोवती जमलेल्या प्रत्येकाजवळ निदान तयारच असते. एक म्हणतो, ‘बॅटरी गेली’. दुसरा म्हणतो, ‘स्टार्टर जळाला.’ अखेर नवी बॅटरी येते, तिच्यात कित्येक दिवसांची मिळकत जाते, आणि पंधरवड्याच्या आत तोच आवाज पुन्हा ऐकू येतो. अपराध एकाचा आणि दंड दुसऱ्याला, असाच हा प्रकार होय.

विजेचा दोष डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तर्काला तेथे मोकळे रान मिळते. परंतु वीज नियमाने बांधलेली आहे. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ साली तो नियम ग्रंथरूपाने मांडला. प्रवाहाला रोधाने गुणले असता जितके व्होल्ट येतात, तितके त्या रोधावर खर्ची पडतात. साध्या मल्टिमीटरने हा खर्च मोजता येतो.

परीक्षेचा आरंभ बॅटरीपासून करावा. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज होऊन काही तास विसावलेली असली, तर मीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. तथापि एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही. स्वस्थ बसलेल्या मनुष्याकडे पाहून तो किती ओझे उचलील हे कसे कळावे? म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, स्टार्टर फिरत असतानाच बॅटरीचा दाब पाहावयाचा. सामान्य हवामानात तो ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. या टेंपोत तो ११ भरतो. म्हणजे बॅटरी दोषमुक्त झाली.

आता मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा किल्ली फिरवली जाते. आकडा पाव व्होल्टच्या आत राहावयास हवा. येथे तो तीन येतो. अर्थच्या पट्टीच्या बोल्टाखाली गंज धरलेला आहे. त्याचा रोध अवघा ०.०२ ओहम, पण स्टार्टर १५० अँपिअर प्रवाह ओढतो, आणि तीन व्होल्ट त्या गंजातच संपतात. स्टार्टर बंद असता प्रवाह नसतो, म्हणून हा खर्चही नसतो. स्वस्थ गाडी तपासणाऱ्याला हा दोष सापडत नाही तो यामुळेच.

बोल्ट सोडवून, पट्टी पॉलिश पेपरने घासून तो पुन्हा घट्ट आवळला जातो. मात्र काम येथे पुरे होत नाही. तीच परीक्षा पुन्हा घ्यावयाची. तीनच्या जागी ०.१ दिसले, की निदान खरे होते याची साक्ष मिळते. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले, की अल्टरनेटरविषयीचा संशयही मिटतो.

या साऱ्याला लागली अर्ध्या तासाहून कमी वेळ आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा. जुनी बॅटरी मात्र तोवर भंगारात गेलेली असते. आणि ती बहुधा चांगली होती, हे चालकाला आता कळते.