घोणशीचे विष, कॅल्शियम आणि मोनोक्लोनल प्रतिपिंडे

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे साप प्रामुख्याने चार मानले जातात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांपैकी शेवटच्या दोघांच्या दंशानंतर रुग्णाचे रक्त गोठेनासे होते, हिरड्यांतून आणि जखमेतून ते झिरपत राहते, आणि भीमाकाठच्या उसाला रात्री पाणी देणाऱ्या माणसाने साप नीट पाहिलेला नसेल तर तो घोणस होता की फुरसे, हे केवळ त्या रक्तस्रावावरून सांगता येत नाही. लक्षण एकच असले तरी त्यामागची रसायने दोन आहेत, आणि त्या दोहोंमधली सीमा बऱ्याच अंशी कॅल्शियमने आखली आहे.

सापाच्या विषात प्रथिनांचा भरणा असतो आणि त्यांतली अनेक प्रथिने विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. शरीरातली एखादी रासायनिक क्रिया जलद घडवून आणावी आणि स्वतः मात्र खर्ची पडू नये, हा विकराचा धर्म होय. घोणशीच्या विषातले फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर पेशींच्या आवरणातले स्निग्ध रेणू तोडते. या लहानशा प्रथिनाच्या क्रियास्थानी कॅल्शियमचा एक आयन बसलेला असावा लागतो. तो काढून घेतला तर प्रथिन जसेच्या तसे राहते, परंतु खुंटा काढलेले जाते घरात असूनही दळत नाही, तशी त्याची गत होते. त्याच विषातले दुसरे विकर रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दहाव्या घटकाला कापून जागे करते, आणि तो घटक पकडण्यासाठी त्यालाही कॅल्शियम लागते. साखळी अवेळी पेटल्यामुळे गोठण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन संपून जाते, आणि म्हणूनच रक्त गोठवणाऱ्या विषाने अखेरीस न गोठणारे रक्त मागे उरते. हा विरोधाभास वैद्यकाने उपयोगातही आणला : १९३४ साली मॅकफर्लन या इंग्रज रक्तशास्त्रज्ञाने हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी घोणशीचेच विष अतिशय पातळ करून जखमेवर वापरले होते.

फुरशाच्या विषातले एकारिन मात्र दहाव्या घटकाच्या वाटेला जात नाही. ते त्याच साखळीतल्या प्रोथ्रॉम्बिन या घटकाला थेट कापते आणि त्यासाठी त्याला कॅल्शियमची गरज भासत नाही. सायट्रेट घालून कॅल्शियम बांधून टाकलेल्या रक्तद्रवात एकारिन टाकले तरी गुठळी होते; घोणशीच्या विकराला तेथे कॅल्शियम परत मिळेपर्यंत थांबावे लागते. फुरशाच्या वंशातल्या काही सापांच्या विषांत कॅल्शियमवर विसंबणारे भाऊबंदही सापडले असल्यामुळे ही चाचणी एकटी पुरेशी नाही, आणि प्रतिपिंडांची गरज नेमकी येथे उत्पन्न होते.

प्रतिपिंड म्हणजे परक्या पदार्थाच्या पृष्ठभागावरचा विशिष्ट भाग ओळखून त्याला चिकटणारे, शरीराने घडवलेले प्रथिन. मुंबईत परळला १८९९ साली स्थलांतरित झालेल्या आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेच्या परंपरेत घोड्यांना थोडे थोडे विष टोचून प्रतिविष तयार केले गेले, आणि चारही सापांवर चालणारे आजचे भारतीय प्रतिविष याच पद्धतीने बनते. घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडे मात्र मिश्र असतात : कोणी या विकराला ओळखते, कोणी त्या, तर कोणी दोघांतल्या समान भागाला. उपचारात हा गुण असतो, कारण विषातले अनेक घटक एकदम अडवायचे असतात. ओळख पटवताना तोच दोष ठरतो.

केंब्रिजमध्ये १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी यातून वाट काढली. उंदराला इष्ट विकर टोचून त्याच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड घडवणाऱ्या पेशी त्यांच्या पद्धतीने मायलोमा या कर्करोगाच्या पेशींशी जोडल्या, तर जी संकरपेशी जन्मते ती एकीकडून नेमकेपणा आणि दुसरीकडून अखंड वाढण्याची क्षमता घेऊन येते. अशा एकाच पेशीच्या वंशावळीतून मिळणारे, सर्वस्वी एकसारखे प्रतिपिंड म्हणजे मोनोक्लोनल प्रतिपिंड. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांबरोबर नील्स येर्ने यांचाही वाटा होता. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्था पेशींचे वंश गोठवून सांभाळतात आणि संशोधकांना पुरवतात, ही त्या पद्धतीची अदृश्य पण अत्यावश्यक पायाभरणी आहे.

एलायझा या चाचणीत बशीच्या खळग्यांत एक प्रतिपिंड चिकटवून ठेवतात, त्यावर नमुना ओततात, आणि अडकलेल्या विकराला रंग उत्पन्न करणारे दुसरे प्रतिपिंड जोडतात. रंग जितका गडद, तितके विकर अधिक. एवढ्याने काम संपले असे मानणारा संशोधक मात्र फसतो. ईडीटीए असलेल्या नळीत रक्त घेतले तर ते रसायन कॅल्शियम गिळून टाकते, आणि त्या नमुन्यात विकर निष्क्रिय असूनही साध्या प्रतिपिंडाला ते पुरेपूर दिसते. प्रतिपिंड जाते मोजते, दळण नव्हे. उलट प्रकारही घडतो. कॅल्शियम बसल्यावर काही प्रथिनांचा आकार बदलतो आणि केवळ त्या बदललेल्या आकारालाच ओळखणारी प्रतिपिंडे असतात. अमेरिकेत ओक्लाहोमा येथे एस्मन यांच्या प्रयोगशाळेतले, रक्तातल्या प्रोटीन सी या प्रथिनाला ओळखणारे एचपीसी-४ हे कॅल्शियमवर विसंबणाऱ्या प्रतिपिंडाचे ठळक उदाहरण. अशा प्रतिपिंडाने पकडलेले प्रथिन ईडीटीए घालताच अलगद सुटते, म्हणून शुद्धीकरणासाठी ते सोयीचे पडते. परंतु तेच प्रतिपिंड ईडीटीएच्या नळीतल्या रक्तावर वापरले, तर विद्यमान प्रथिनही नाही असे उत्तर येईल. वेस्टर्न ब्लॉट या तंत्रात प्रथिनाची घडी आधीच उकलली जात असल्याने आकार ओळखणारी प्रतिपिंडे तेथेही बहुधा निरुपयोगी ठरतात.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले असा अंदाज आहे, आणि तरीही तालुक्याच्या दवाखान्यातली खात्रीची चाचणी अजून तीच आहे : कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त, वीस मिनिटे न हलवता, आणि मग नळी तिरकी करून पाहणे. तिला कॅल्शियम बाहेरून द्यावे लागत नाही, ते रक्तातच असते. साप कोणता, हे मात्र ती सांगत नाही. तेवढ्यासाठी घोणशीच्या विकराला चिकटणारे आणि एकारिनला न शिवणारे प्रतिपिंड हवे. शिवाय एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि भारतीय प्रतिविषासाठीचे विष प्रामुख्याने तामिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येते, त्यामुळे तेथल्या विषावर घडवलेले प्रतिपिंड सोलापूर जिल्ह्यातल्या घोणशीला तितक्याच घट्ट धरते की नाही, हे येथल्याच विषावर, कॅल्शियम घालून एकदा आणि काढून एकदा, असे दोनदा तपासावे लागते.