गुंठ्यांची वाडी, हेक्टरची मदत

श्रीवर्धन, दिवेआगरकडे कुणी आपली जमीन हेक्टरमध्ये सांगत नाही. वाडी दहा गुंठ्यांची, पंधरा गुंठ्यांची असते आणि तीत माड किती, पोफळी किती, हे घरातल्या पोरालाही पाठ असतं. घरामागे विहीर, तिथून निघालेले पाट, वर नारळ, खाली पोफळी, पोफळींवर चढवलेली मिरी. भर दुपारी तिथे सावली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि काही तासांत वाडीत उभं राहून आभाळ दिसू लागलं.

मग पंचनामे झाले. पिकांच्या नुकसानीची सरकारी मदत हेक्टरी मोजतात. नुकसान निदान ३३ टक्के हवं. फळबागांसारख्या बहुवार्षिक पिकांना केंद्राच्या निकषांनुसार त्या वेळी हेक्टरी १८ हजार रुपये मिळत, तेही दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकारने निसर्गग्रस्तांसाठी हा दर ५० हजारांवर नेला. आकडा मोठा दिसला. पण श्रोतेहो, एका हेक्टरात जवळजवळ ९९ गुंठे. म्हणजे गुंठ्याला साधारण पाचशे रुपये. दहा गुंठ्यांची सबंध वाडी झोपली, तर हातात पाच हजार. पडलेले माड तोडून ओंडके बाहेर काढायला माणसं लावली, की ते तिथेच संपायचे. (दोन हेक्टरांच्या मर्यादेची चिंता मात्र या वाडीवाल्याला कधी पडली नाही!)

ओरड झाली आणि सरकारने झाडामागे मदत ठरवली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. दहा गुंठ्यांत १५ माड आणि १०० पोफळी पडल्या असं धरा. ३,७५० आणि ५,००० मिळून ८,७५० रुपये. रक्कम काही फार नाही, पण निदान कागदावर वाडी वाडीच्या मापाने मोजली गेली. मला हा बदल मोलाचा वाटतो.

तरी मोजायचं कुठलं झाड? माडाला आणि पोफळीला शेंड्याचा एकच कोंब. वाऱ्याने तो पिळवटला, की झाड उभ्याउभ्या वाळतं, पण सावकाश. पंचनाम्याच्या दिवशी ते उभंच असतं.

आणि सातबारा! त्यावर आजोबांपासूनची नावं. एक भाऊ मुंबईला, दुसरा बडोद्याला, बहीण सासरी. शिंपणारा एक, हिस्सेदार सात. पैसे एकाच्या खात्यात जायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र हवं, आणि ते दिवस करोनाच्या टाळेबंदीचे. गाडी नाही, सही आणायची कुठून?

पोफळीचं रोप धरायला सहा-सात वर्षं घेतं. उंच जातीचा माडही तेवढीच. शिवाय पोफळीच्या रोपाला कोवळेपणी ऊन सोसत नाही. उघड्या पडलेल्या वाडीत आधी केळी लावायच्या, त्यांच्या सावलीला रोप. ते जगतंय न जगतंय, तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं.

माझी सूचना एवढीच, की पडलेल्या झाडाचे पैसे एकदा दिले, तरी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाडीत पुन्हा जावं, जगलेली रोपं मोजावीत आणि त्यांच्यामागे काही द्यावं. २०२० च्या पावसात लावलेली पोफळ २०२६-२७ च्या सुमारास धरायची. तोवर वाडी शिंपण्याचा खर्च निघतो तो केळीच्या घडांवर.