दारात गाडी, डोक्यावर हप्ता

आज देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त कार उंच, मोठ्या असतात. आम्हालाही त्या आवडतात. खड्ड्यात तळ घासत नाही, घरचे सगळे मावतात, सोयऱ्यांत मान मिळतो. पण विकणारा किंमत कमी, हप्ताच जास्त सांगतो. आम्ही गटात हिशेब मांडला. कर्ज १० लाख, व्याज १० टक्के. पाच वर्षांत व्याज पावणेतीन लाख होते. सात वर्षे घेतली तर हप्ता साडेचार हजारांनी उतरतो, व्याज मात्र चार लाखांच्या घरात जाते. आमच्यातल्या एकीचे शेळ्यांसाठी घेतलेले कर्ज गाडीच्या डाऊन पेमेंटला गेले. गाडी नवऱ्याच्या नावावर, गटाचा हप्ता तिच्या! म्हणून बायांनो, सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: एकूण किती भरायचे, आणि भरणार कोण?