वकिलाची डायरी आणि आपली वही

पोटगी, वारसा, घरगुती हिंसाचार यांच्या कायद्यांबद्दल तुम्ही बरंच ऐकलं असेल. म्हणून आज मी कलमं सांगणार नाही. आज बोलायचं आहे वकिलाच्या ऑफिसाबद्दल. तालुक्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी नाहीतर स्टॅम्प व्हेंडरच्या माडीवर, एका-दोन खोल्यांची जी ऑफिसं असतात ना, तसल्याच एकात मी अठरा वर्षं बसते आहे. तिथली बाकडी तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असतील. पण बाकड्याच्या पलीकडे, टेबलाच्या आत काय चालतं ते कुणी सांगत नाही.

तर ऑफिस म्हणजे काय? एक वकील, एक कारकून, आणि नशीब असेल तर एखादा ज्युनिअर. सकाळी आठ ते साडेदहा पक्षकार. पक्षकार म्हणजे ज्यांची केस आहे ते, तुम्ही. अकराला कोर्ट. संध्याकाळी परत येऊन दुसऱ्या दिवसाचे अर्ज, शपथपत्रं, टायपिंग. जागेचं भाडं, कारकुनाचा पगार, लाइटबिल, कागद हे सगळं फीमधूनच. आणि आपल्या खान्देशात फीचंही वर्ष शेतीच्या वर्षासारखंच असतं. कापूस विकला गेला की पैसे येतात. पेरणीच्या दिवसांत बाकडी रिकामी. पक्षकार वावरात असतो, पण कोर्टाची तारीख काही पेरणीसाठी थांबत नाही. केस बिघडते ती बहुतेक वेळा तिथे.

कारण ऑफिसचा सगळा जीव एका डायरीत असतो. प्रत्येक दिवसाचं एक पान. त्यावर त्या दिवशीच्या सगळ्या केसेस, कोणत्या कोर्टात, नंबर काय, आणि आज त्यात काय व्हायचं आहे. संध्याकाळी कोर्टातून आल्यावर प्रत्येक केसची पुढची तारीख पुढच्या पानावर चढवायची. ऐकायला सोपं आहे. पण एका दिवशी पंधरा केसेस, त्या तीन कोर्टांत, एका कोर्टात उलटतपास चालू असताना दुसऱ्या कोर्टात पुकारा झालेला. थकून आलेला वकील म्हणतो, उद्या सकाळी लिहू. उद्या सकाळी दारात माणसं उभी असतात. एक नोंद राहते, आणि ती केस त्या ऑफिसपुरती जगातून नाहीशी होते.

पुढे काय होतं ते नीट ऐका. तारखेला बाईही हजर नाही, वकीलही नाही, तर कोर्ट तिचा दावा गैरहजेरीत काढून टाकू शकतं. तो पुन्हा सुरू करायला अर्ज करायची मुदत आहे तीस दिवस. आणि ज्या दाव्यात बाई दावा करणारी नसून तिच्यावरच दावा लावलेला असतो, त्यात तिच्या गैरहजेरीत एकतर्फी निकालही होतो. तिला हे कळतं कधी? सहा महिन्यांनी, वर्षाने, जेव्हा कुणीतरी गावात सांगतं की तुझी केस तर कधीच गेली. मुदत गेल्यावर उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण मग उशिराचं कारण पटवावं लागतं, आणि नवा खर्च, नव्या तारखा. हरली असती तर निदान काहीतरी बोलून हरली असती. ही न बोलताच हरते.

लोक विचारतात, ताई, चांगला वकील कसा ओळखायचा? मी म्हणते, कोर्टात आवाज किती चढतो ते पाहू नका, संध्याकाळी डायरी भरून घरी जातो का ते पाहा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही त्याची डायरी कशी तपासणार? तपासू नका. स्वतःची वही ठेवा. बचत गटात आपण काय करतो? बाई लिहायला-वाचायला न शिकलेली असो, पण पैसे दिले की नोंद झाली का, हे ती विचारतेच. कोणाचा हप्ता राहिला, कोणाचं व्याज किती, सगळं वहीत. तीच बाई कोर्टात गेली की वही घरी ठेवून जाते! दोन-तीन पानं पुरतात. केसचा नंबर, कोर्टाचं नाव, मागच्या तारखेला काय झालं, पुढची तारीख, आणि किती पैसे दिले. बास.

आणखी एक गोष्ट वहीत लिहून ठेवायची, ती म्हणजे सीएनआर नंबर. प्रत्येक केसला इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून सोळा चिन्हांचा हा नंबर मिळतो. पहिल्याच भेटीत मिळणार नाही, केस कोर्टात नोंदली गेल्यावर मिळतो. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, फुकट. त्यात हा नंबर टाकला की पुढची तारीख आणि केस कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं. गटातल्या कुणाच्याही लेकीच्या मोबाईलवर होतं. वकिलाला वाईट वाटेल याची काळजी करू नका. खरं सांगू, आम्हीही रात्री तेच अ‍ॅप उघडून आपली डायरी पडताळून पाहतो.

आमच्याकडे बाई येते आणि बाकड्यावर टेकत विचारते, "ताई, मनी केसनं काय व्हयनं?" प्रश्न बरोबर आहे, पण मोठा आहे. त्याला वकील "चालू आहे" एवढंच उत्तर देतो, आणि ते खोटंही नसतं. त्याऐवजी विचारा, मागच्या तारखेला काय काम झालं? पुढच्या तारखेला काय आहे? त्या दिवशी मी यायलाच हवं का? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा. प्रत्येक तारखेला तुमची गरज नसते. नुसता लेखी जबाब यायचा असेल तर वकील पुरतो. तुमचा उलटतपास असेल तर मात्र तुम्हालाच जावं लागतं, मग कपाशीची वेचणी असो की घरात पाहुणे असोत. आधी विचारलं तर फुकट गेलेली मजुरी आणि एसटीचं भाडं वाचतं.

आता फी. याबद्दल बोलायला बायका लाजतात आणि वकीलही गोलगोल बोलतात. पद्धती निरनिराळ्या असतात. कुणी पूर्ण केसची ठोक रक्कम सांगतं, कुणी टप्प्याटप्प्याने घेतं, कुणी तारखेला. यात काही गैर नाही, फक्त पहिल्या दिवशी ठरवून वहीत लिहायचं. फी वेगळी आणि खर्च वेगळा, हेही लक्षात ठेवा. स्टॅम्प, टायपिंग, नकला हा खर्च. बार कौन्सिलचा नियम असा की पक्षकाराकडून आलेल्या पैशाचा हिशेब वकिलाने ठेवायचा, आणि मागितला तर त्याची प्रत द्यायची. म्हणजे पावती मागणं हा अपमान नाही, तो नियमच आहे.

टक्केवारी मात्र चालत नाही. आपल्या भागातून मोठे हायवे जातात, अपघात होतात, आणि घरातला माणूस गेल्यावर तेराव्याच्या आत कुणीतरी येतं. म्हणतं, वहिनी, एक रुपया देऊ नका, भरपाई मिळाली की त्यातले इतके टक्के. दुःखात बाई सही करते. तर निकालावर अवलंबून फी ठरवणं, किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं, बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. वकिलाला जाहिरात करायची आणि दलालामार्फत केसेस गोळा करायचीही बंदी आहे. स्टँडवर जो माणूस "चला, आमच्या साहेबांकडे नेतो" म्हणतो त्याला लांबूनच रामराम करा.

आता एक नाजूक गोष्ट. बाई ऑफिसात एकटी क्वचितच येते. भाऊ आणतो, दीर आणतो, कधी सरपंच आणतात. फी तेच देतात, बोलतातही तेच, आणि वकील त्यांच्याशीच बोलतो. बाई कोपऱ्यात पदर सावरून बसलेली. मग पक्षकार कोण? ज्याने पैसे दिले तो नव्हे. वकीलपत्रावर जिची सही किंवा अंगठा आहे ती. वकिलाने तिचं ऐकायचं असतं, आणि तिने सांगितलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय दिराला, भावाला, नवऱ्याला, कुणालाही सांगायची नसते. हे कायद्यानेच बांधलेलं आहे. तेव्हा "भाऊ, तू जरा बाहेर बस, मला ताईंशी बोलायचं आहे" असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. बोलता येत नसेल तर नुसतं माझ्याकडे बघा, भाऊला मी बाहेर पाठवते.

हा प्रश्न जुना आहे. नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या. तिकडे पडद्यातल्या जमीनदार बायकांच्या इस्टेटी कारभारी आणि नातेवाईक परस्पर हाताळायचे, कारण त्या बायकांना पुरुष वकिलासमोर येताच यायचं नाही. बंगालमध्ये सोराबजींनी वर्षानुवर्षं काम केलं ते या बायकांशी थेट बोलण्याचं. आणि गंमत बघा, बाईला वकिली करायची मोकळीक देणारा कायदा आला १९२३ मध्ये! पडदा गेला, पण कोपऱ्यात बसणं अजून गेलेलं नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते हक्कसोडीत. बाप वारतो, वारसाची नोंद करायची असते, भाऊ बहिणीला घेऊन येतो. वकील भावाचा, कागद त्याने केलेला. बहीण समजते हा आपल्या दोघांचा वकील. तसं नसतं. तो भावाचं काम करतोय. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. तरीही बहिणीला हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडावा, भावाचं घर तेही माहेरच. पण आधी कागद आपल्या माणसाकडून, नाहीतर आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर सही तर कुणासाठीच करू नका, वकिलासाठीसुद्धा नाही. तडजोडीच्या पुरसीसवरही वाचल्याशिवाय अंगठा नको. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसतं, हे लक्षात असू द्या. लोकअदालत चांगली आहे, घाई वाईट.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक बाईला मोफत वकील मिळू शकतो, तिचं उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा कोर्टात जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तिथले लोक लिहून घेतात. फोनसाठी १५१०० हा नंबर. तिथून मिळालेल्या वकिलाचे पैसे प्राधिकरण देतं, म्हणून त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका, तिथल्या सचिवांना सांगा. फुकटचा वकील कामाचा नसतो असं गावात म्हणतात. मीही त्या यादीतून केसेस चालवल्या आहेत, आणि डायरीत त्या केसेसना वेगळ्या शाईने लिहिलं नव्हतं.

एक प्रश्न कितीतरी बायका विचारतात. वकील लक्ष देत नाही, पण बदलायला गेलं तर आधी बाकी फी भरा, मगच कागद देतो म्हणतो. काय करावं? आधी भेटून नीट विचारा, कधी कधी दोष वकिलाचा नसतो, कोर्टातच काम पुढे सरकत नसतं. तरी बदलायचाच असेल तर जुन्या वकिलाकडून ना-हरकत घ्यायची. तो देत नसेल तर नवा वकील कोर्टाची परवानगी मागू शकतो. आणि तुमचे कागद, तुमचा सातबारा, तुमचं लग्नाचं प्रमाणपत्र हे सगळं तुमचंच आहे. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट सांगितलं आहे. फीसाठी त्याला वेगळा मार्ग आहे. ऐकलंच नाही तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. पण मूळ कागद वकिलाकडे देताना आधी झेरॉक्स काढून घ्या, आणि कोणते कागद कधी दिले ते वहीत लिहून त्यावर ऑफिसातल्या कारकुनाची सही घ्या. कारकून नाही म्हणणार नाही.