पाटीगणित आणि नवी यंत्रपाटी



आपल्या पूर्वजांनी अंकगणितास ‘पाटीगणित’ असे नाव दिले होते. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० मधील ‘लीलावती’चा तोच विषय होय. पाटीवर लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, ही गणित शिकण्याची जुनी रीत आहे. आज परभणी जिल्ह्यात, सेलू, जिंतूर वा पालमच्या एखाद्या शाळेसाठी टॅब्लेट घेण्याचा विषय निघाला, तर प्रथम ही रीत ध्यानी घ्यावयास हवी.

टॅब्लेटवरील पुष्कळशा गणित-कार्यक्रमांत चार उत्तरांपैकी एकावर बोट ठेवावयाचे असते. त्यात उत्तर कळते, रीत कळत नाही. ४७ आणि ३८ यांची बेरीज एखादे मूल ७१५ अशी मांडते. हातचा न घेता त्याने १५ तसेच लिहिले, हे शिक्षकास पाटीवर तत्काळ दिसते. पर्यायांच्या खेळात मात्र तेच मूल अंदाजाने ८५ वर बोट ठेवते आणि शाबासकी मिळविते. चूक तशीच राहते.

हस्ताक्षर ओळखणारी यंत्रपाटी येथे उपयोगी पडते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली समीकरणे सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताने लिहिणाऱ्यांनी कळफलक वापरणाऱ्यांच्या सुमारे निम्म्या वेळात काम पुरे केले, आणि शिकण्यात ते मागे पडले नाहीत. अपूर्णांकाचा अंश वर, छेद खाली, हे हातास सहज साधते. कळफलकावर ते शोधावे लागते.

परंतु सावधगिरी हवी. आपला १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. केवळ इंग्रजी अंक शिकविलेले यंत्र मराठी मुलाचे बरोबर उत्तर चूक ठरवील. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांनी हस्तलिखित देवनागरी अंकांचे २२,००० हून अधिक नमुने जमविले, ते अशाच कामासाठी.

म्हणून खरेदीपूर्वी पंचायतीने गावातील दहा मुलांच्या हाती ते यंत्र द्यावे. ते मराठी अंक ओळखते काय, हातचा लिहिण्यास जागा देते काय, आणि मुलाची पायरीवार मांडणी शिक्षकास दाखविते काय, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर पैसा राखून ठेवावा. पाटी-लेखणी अद्याप आपल्या हाती आहेच.