वार तयार होईपर्यंत

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 6 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा आम्ही ती बातमी तोंडात बोट घालून वाचली होती. आज आमच्या पुनावळ्यात, हिंजवडी-चाकणला कामाला जाणाऱ्या जोडप्यांच्या सोसायट्यांत, हा उपचार घेतलेलं एखादं घर ओळखीचं निघतंच. उपचार होईपर्यंत सगळे धीर देतात. खरी अडचण सुरू होते तपासणी पॉझिटिव्ह आल्यावर.

‘दिवस राहिले ना? मग आता ही इंजेक्शनं कशाला?’ माझ्या भाचीला हे दोन्हीकडून ऐकावं लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, उष्ण पडतील. आमच्या खालाजान म्हणाल्या, गरम पडेगा. एरवी या दोघींचं कोथिंबिरीच्या भावावरसुद्धा एकमत होत नाही!

बीजकोशातून बीज बाहेर पडलं की त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. तिच्यातून प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक पाझरतं आणि गर्भाशयाचं अस्तर गर्भाला धरून ठेवतं. पुढं सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास वार हे काम हाती घेते. 1973 साली आर्पाड चापो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की सात आठवड्यांच्या आत पीतपिंड काढला तर गर्भ टिकत नाही. पण बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिलं तर टिकू शकतो.

टेस्ट ट्यूबच्या उपचारात एकाच वेळी अनेक बीजं पिकवली जातात. त्यामुळं मेंदूकडून पीतपिंडाला येणारा इशारा मंदावतो आणि तो लवकर सुकतो. गोठवलेला गर्भ औषधांनी तयार केलेल्या अस्तरावर ठेवला असेल, तर पीतपिंड नसतोच. म्हणून वार तयार होईपर्यंत ते काम औषध करतं. यात त्या बाईच्या ‘कमजोर’ कुशीचा काही संबंध नाही, हे सासरी कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं.

औषध योनिमार्गात ठेवायच्या गोळ्यांचं असतं, जेलचं असतं, नाहीतर कमरेत घ्यायचं तेलातलं इंजेक्शन. ते दुखतं, गाठी येतात. त्यात आणखी एक चकवा आहे. छाती जड होणं, झोप येणं, पोट फुगणं हे सारं प्रोजेस्टेरॉनमुळंही होतं. उपचार फसला तरी पाळी लांबू शकते. तपासणीआधीच्या त्या दोन आठवड्यांत बाई आपल्या अंगाची एकेक खूण वाचत बसते, आणि खूण असते औषधाची! इतकी फसवी उपमा आम्हा कवींनाही सुचली नसती.

औषधालाही मर्यादा आहेत. गर्भाच्या गुणसूत्रांतच मोठा दोष असेल, तर कितीही प्रोजेस्टेरॉन दिलं तरी तो टिकत नाही. लवकर होणाऱ्या गर्भपातांमागं हे कारण पुष्कळदा असतं. तरी आपण विचारतो, ‘जिना चढलीस का?’

रक्ताचा डाग दिसला तर घाबरून औषध बंद करू नये, मनानं वाढवूही नये. डॉक्टरांना लगेच फोन करावा. शेजारणीचं सहाव्या आठवड्यात थांबलं आणि आपलं बाराव्यापर्यंत चाललं, असंही होतं. तिचा गर्भ ताजा ठेवलेला असेल, आपला गोठवलेला.